आठवड्यात रीफ टँक तयार, म्हणे!

फिश टँक ठेवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर इकडून तिकडे ढकलला जातोय. त्याचा गोषवारा असा: रीफ टँकचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवायच्या समुद्री टँकचा, लोकांनी उगाच बाऊ केलाय. घरच्या फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवा, खडे मीठसुद्धा चालतं. बॅक्टेरियाची बाटली ओता, सातव्या दिवशी कोरल (प्रवाळ) सोडा. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नको, पंखा पुरतो. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर ठेवा. टँकमध्ये मांडायचे दगड कोकणात गेलात की किनाऱ्यावरून उचला, उकळून घ्या, झालं काम.

यातलं सगळंच चूक नाही. पंख्याच्या बाबतीत तर लिहिणारा निम्मा बरोबर आहे, फक्त कारण त्याला माहीत नसावं. पण हे सगळं जसंच्या तसं लातूर-परभणीत केलं, तर कोरल सातव्या दिवशी छान फुलेल आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते सात दिवस. बाटलीतले जिवाणू ही थाप नव्हे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बाटलीत टिकतात, आणि माल चांगला असेल तर एरवी चार ते सहा आठवडे चालणारं सायकलिंग (हे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ) बरंच लवकर उरकतं. पण तीच बाटली एप्रिल-मे महिन्यात पार्सलच्या बंद गाडीत तापत आली असेल, तर आत काय जिवंत उरलंय ते लेबलवरून कळत नाही. ते अमोनियाच्या टेस्ट किटवरच कळतं. टँकमध्ये एकही जीव नसताना अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) न्या. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट चढलं, की जिवाणू कामाला लागले म्हणायचं. मग ते चौथ्या दिवशी होवो नाहीतर चाळिसाव्या.

आणि एवढं झालं तरी टँक फक्त अमोनिया पचवायला तयार झालेला असतो. नव्या दगडावर आधी डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट पापुद्रा. हे सगळं येऊन ओसरायला काही महिने जातात, आणि या काळात सोडलेला छोटा कोरल शेवाळाखाली गुदमरतो. शिवाय खारटपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) 8-9 डीकेएच हे आकडे एकदा गाठणं सोपं असतं. खरी गोष्ट म्हणजे ते तिथंच राहणं. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्या भागात टँक तयार झालाय की नाही हे त्याच्या चांगल्या दिवसावरून ठरवू नये. बाहेर 42 अंश आहेत, दुपारी लाईट गेलीय, टँकर आलेला नाही, अशा दिवसातून टँक रिकामा असतानाच एकदा जाऊ द्या आणि तेव्हाचे आकडे लिहून ठेवा.

आता पाणी. हा मुद्दा त्या मजकुरात एका ओळीत उरकलाय आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. बोअरचं पाणी तर सोडाच. दख्खनच्या काळ्या खडकातलं ते पाणी जड, आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी त्यात नायट्रेटही भरपूर. पण घरचा आरओ फिल्टर म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूतही टँकपुरती चुकीची आहे. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून या फिल्टरमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, नाहीतर खनिजं सोडणारी कार्ट्रिज. त्यामुळे ग्लासातल्या पाण्याचा टीडीएस 50 ते 150 च्या घरात सहज निघतो. प्यायला ते उत्तम. टँकला मात्र शून्य लागतो, कारण उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही रोज तेच ओतणार आणि त्यातलं सगळं मागे साचत जाणार. मेम्ब्रेननंतर (पाणी गाळणाऱ्या पडद्यानंतर), पाणी मिसळायच्या आधी नळी काढून घ्यायची, तिला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची कार्ट्रिज जोडायची आणि टीडीएस मीटरवर शून्य पाहूनच पाणी भरायचं. शून्याचा एक झाला की रेझिन बदलायला घ्यायचं.

त्यातही आजकाल घरोघरी ‘कॉपर’वाले फिल्टर आलेत. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचं आपल्याकडे मोठं कौतुक, म्हणून कंपन्यांनी तांबं सोडणारी कार्ट्रिजच आत बसवली. माणसाला चालणारं हे तांबं कोरल, शंख, कोळंबी यांना विष आहे. लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास तांबं माशांवरचे परजीवी मारायला औषध म्हणून वापरतात, आणि त्याच मात्रेत बिनकण्याचे जीव मरतात. वर दगड ते शोषून घेतात आणि पुढं बरेच दिवस हळूहळू सोडत राहतात. त्यामुळे कॉपर फिल्टरचं पाणी नको, तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलंही नको, आणि माशांच्या दवाखान्यासारखा वापरलेला जुना टँक स्वस्तात मिळाला तरी त्यातले दगड नकोत.

पाण्याची नासाडी होते, हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो आणि यायलाच हवा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तो उन्हाळा काढलेल्या घरात रिजेक्टचं, म्हणजे फिल्टरनं बाहेर टाकलेलं, पाणी मोरीत सोडून दिलं, तर आजी काय बोलेल ते सांगायला नको. हिशेब करून बघा. 100 लिटरच्या टँकला आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायला लागतं, आणि उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर उडतं. म्हणजे आठवड्याला तीसेक लिटर शुद्ध पाणी आणि त्यामागे साठ ते नव्वद लिटर रिजेक्ट. फरशी, संडास, गाडी धुणं यात ते आरामात जिरतं. नळाला आठवड्यानं पाणी येत असेल तर शुद्ध पाण्याचा झाकणाचा एक ड्रम वेगळा ठेवा. त्यात दुसरं काही भरू नका.

खडे मिठाचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो: तेही समुद्राचंच ना? समुद्राचंच, पण सगळा समुद्र नव्हे. मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतो, मग मीठ जमतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. म्हणजे कोरलला सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम आधीच गेलं, मॅग्नेशियम नंतर गेलं, आणि तुमच्या पिशवीत जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड आलं. वर आयोडीन. रीफसाठीचं मीठ महाग असतं, त्याला इलाज नाही. खारटपणा मोजायचा रीफ्रॅक्टोमीटर मात्र नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून वापरू नका. 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या.

पंखा. इथं मजकुरातलं निम्मं खरं आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे 100 लिटरच्या टँकमधून लिटरभर पाणी उडालं, तर बाहेरून उष्णता आली नाही असं धरून जवळपास सहा अंशांचा थंडावा मिळतो. एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की हे काम मुंबईपेक्षा आपल्याकडे कितीतरी चांगलं चालतं. तळमजल्यावरची खोली 31-32 अंशांवर राहत असेल, तर पृष्ठभागावर लावलेले छोटे पंखे पाणी 27 च्या आसपास धरून ठेवू शकतात.

पण वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली खोली 36 वर गेली की तेच पंखे पाणी 30-31 वर सोडतात, आणि तिथं कोरल त्याच्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला की हेच होतं. एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या रीफचं असं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. मग लोक म्हणतात, खोलीत कूलर लावतो. लावा, पण कूलर आणि टँकचा पंखा यांच्या थंडाव्याची बेरीज होत नाही. दोघंही हवेच्या त्याच कोरडेपणावर जगतात. कूलरनं हवा ओली केली की टँकवरून पाणी उडणं मंदावतं. आणि मृग लागला की खरा पेच: उकाडा तसाच, हवा मात्र दमट. मेमध्ये पास झालेला टँक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नापास होतो तो यामुळेच.

पंखा चालतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते, तिचा त्या मजकुरात पत्ताच नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. 100 लिटरमधून तीन लिटर उडाले की 35 चा खारटपणा 36 वर जातो, एका दिवसात. म्हणून पंख्याबरोबर आपोआप पाणी भरणारा पंप हवाच, आणि त्यात खारं नाही, शुद्ध पाणी भरायचं. चिलर घेणार असाल तर तो टँकमधून काढलेली उष्णता खोलीतच सोडतो हे लक्षात ठेवून त्याचं तोंड खिडकीबाहेर काढा. घरचा साधा इन्व्हर्टर चिलर बहुधा ओढत नाही. लाईट गेल्यावर बॅटरीवर निदान हवेचा पंप आणि पंखा चालू राहायला हवेत, कारण गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. हिवाळ्यात उलटं: परभणीकडे काही रात्री पारा एक आकडी होतो, तेव्हा हीटर लागतो.

नायट्रेट-फॉस्फेट शून्य ठेवायच्या सल्ल्यावर फार वेळ घालवत नाही. कोरलच्या आतल्या शैवालालाही खायला लागतं. दोन्ही शून्यावर नेले की कोरल फिके पडतात आणि मोकळ्या जागी डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा बुडबुड्यांचा चिकट थर पसरतो. तो घालवणं साध्या शेवाळापेक्षा कठीण. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1. बस.

राहिला कोकणातला दगड. किनाऱ्यावर हाताला लागतो तो बहुतेक जांभा, नाहीतर काळा पाषाण. जांभ्यात लोह भरलेलं, तो टँकमध्ये कशाला? आणि खरंच प्रवाळाचा तुकडा सापडला तर तो उचलणं हाच गुन्हा आहे. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडाही त्यात आला. मालवणचा सागरी भाग तर 1987 पासून अभयारण्य आहे. दुकानदार दगडी कोरल देत असेल तर आधी कागद मागा, तो चाचरला तर बाहेर पडा. टँकसाठी कोरडा कृत्रिम दगड आणि सच्छिद्र सिरॅमिक पुरतं.

दगड उकळायचा सल्ला मात्र त्या मजकुरातून आजच काढून टाकायला हवा. वापरलेल्या दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ हे प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव असले, तर काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि उकळताना ते वाफेबरोबर नाकात जातं. अशा वाफेनं घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोचल्याच्या नोंदी परदेशात आहेत. असा दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, कोरडा घासू नका.

मराठवाड्यातलं वेळापत्रक विचाराल तर मी असं लावेन: टँक मार्चमध्ये भरायचा, उन्हाळा, मृग आणि ऑक्टोबर हीट त्याला रिकाम्या दगडांवर काढू द्यायची, आणि पहिला कोरल दिवाळीनंतर आणायचा, म्हणजे वाटेतही पिशवी तापत नाही. डिस्कोसोमा मश्रूम किंवा सार्कोफायटन लेदर या मऊ कोरलांपैकी घ्या, एकच. लाईट निम्म्यावर ठेवा, कोरल तळाशी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत लाईट थोडी थोडी वाढवा.