गुलाबी शर्टातला घोडेस्वार आणि "एक डॉलरही जात नाही"वाला फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आमच्या साताऱ्याच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, तोच मग कॉलेजच्या ग्रुपवर आला, मग इथे डेन्व्हरच्या मराठी मंडळींमध्येही फिरला, म्हणजे तुमच्याकडेही पोचला असणारच. फोटोत घोड्यावर बसलेला काऊबॉय, अंगात भडक गुलाबी शर्ट, आणि खाली मजकूर थोडक्यात असा: ब्रेस्ट कॅन्सरच्या नावाखाली अमेरिकेत घोडेस्वार गुलाबी कपडे घालून मिरवतात, त्यातला एक डॉलरही रिसर्चला जात नाही, सगळा शर्टवाल्या कंपनीच्या खिशात. असल्या चिल्लरनं रिसर्च होत नसतो. पन्नास वर्षं अब्जावधी डॉलर ओतले, बायका तेवढ्याच मरतायत. आपल्याकडे हा रोग नव्हताच, ही पाश्चात्त्यांची थेरं. आणि वर मुक्या जनावरांचा छळ. शेवटी "जागे व्हा" आणि हात जोडलेले इमोजी.

आमच्या काकांनी तो टाकला म्हणून आधी गप्प बसले होते, पण खाली मावशीनं "खरंय" असं लिहिलं तेव्हा राहवलं नाही. कारण हीच मावशी, गाठ दुखत नाही म्हणून आठ महिने कोणाला बोलली नव्हती. असो, ते पुढे येईलच.

आधी शर्टाचा मुद्दा घेते, कारण फोटो त्याचाच आहे. ह्या गुलाबी शर्टामागे एक मोहीम आहे, "टफ इनफ टू वेअर पिंक", म्हणजे गुलाबी घालायची धमक आहे का तुझ्यात. 2004 मध्ये टेरी व्हीटली नावाच्या बाईंनी सुरू केली. वाईनच्या धंद्यातल्या बाई, स्वतः ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या, मुलगा रोडिओत, म्हणजे काऊबॉय लोकांच्या घोडे-बैलांच्या खेळांत, टीम रोपिंग करणारा (दोन घोडेस्वार, एकानं पळत्या बैलाच्या शिंगात फास टाकायचा, दुसऱ्यानं मागच्या पायांत, आणि सगळं काही सेकंदांत). त्यांनी रँग्लर कंपनीच्या कार्ल स्ट्रेसमनला गाठलं आणि डिसेंबरात लास व्हेगासला दहा दिवस चालणारी रोडिओची जी फायनल असते, तिथे एका रात्री सगळ्यांना गुलाबी घालायला लावलं. बैलावर बसणारे, तंबाखू चघळणारे गडी गुलाबी शर्टात, विचार करा. ह्यात रँग्लरचे शर्ट खपले का, तर खपलेच असणार, कंपनी काही देवळात बसलेली नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मोहिमेची रचनाच माहीत नाही. पैसा वर एका मोठ्या ऑफिसात जमा होत नाही. प्रत्येक गावचा रोडिओ आपापला पैसा गोळा करतो आणि कोणाला द्यायचा ते ते गावच ठरवतं. आत्तापर्यंत सगळ्या गावांचे मिळून 3 कोटी डॉलरच्या वर जमलेत.

आता "एक डॉलरही रिसर्चला जात नाही". इथे मला थोडं थांबायचंय, कारण हे वाक्य अर्धवट खऱ्यातून जन्मलंय आणि अर्धवट खरं फार चिवट असतं.

सुझन जी. कोमेन नावाची अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध गुलाबी रिबिनवाली संस्था. 2012 मध्ये रॉयटर्सनं त्यांचे आकडे छापले, त्यात 2011 चा रिसर्चवरचा खर्च 15 टक्के निघाला आणि जनजागृती-शिक्षणावर 43 टक्के. लोक चिडले, आणि चिडणं बरोबरच होतं, ज्या संस्थेचं घोषवाक्यच रोगावर इलाज शोधायचं तिनं 15 टक्क्यांवर भागवायचं? त्याआधी 2010 मध्ये ह्याच संस्थेनं केएफसीबरोबर गुलाबी बकेटमध्ये तळलेलं चिकन विकलं होतं, म्हणजे बघा. ह्या प्रकाराला तिकडे पिंकवॉशिंग म्हणतात, आणि त्यावर ओरडणाऱ्या पहिल्या संघटनांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन ही ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांनीच काढलेली संघटना होती, काकांचा ग्रुप नव्हे. तर तो 15 टक्क्यांचा आकडा हळूहळू घसरत घसरत "एक डॉलरही नाही" झाला, आणि एका संस्थेवरून उचलून जो कोणी गुलाबी दिसेल त्याच्या पाठीवर चिकटवला गेला.

आता घोडेवाल्यांचं बघा. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेस गावी "काऊबॉईज फॉर कॅन्सर रिसर्च" आहे, नावातच रिसर्च. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून टीम रोपिंगच्या स्पर्धा आणि जेवण-नाच असा कार्यक्रम करून हे लोक पैसे जमवतात आणि तो राज्यातल्या दोन विद्यापीठांतल्या कॅन्सर संशोधनाला जातो. गुलाबी मोहीम तिथल्या विद्यापीठानं नंतर उचलली, ती ह्यांच्याच जोडीनं. म्हणजे "एक डॉलरही नाही" हे वाक्य ह्या एका गावानंच खोटं पडतं.

आणि दुसरीकडे, मी स्वतः पाहिलेलं. आमच्या कोलोरॅडोत गनिसन म्हणून गाव आहे, डेन्व्हरहून चार तास, मध्ये अकरा हजार फुटांवरचा मोनार्क पास, हिवाळ्यात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. तिथला कॅटलमेन्स डेज हा रोडिओ 1900 पासून चालू आहे. एका जुलैत आम्ही गेलो होतो, धूळ, घोड्यांच्या लिदीचा वास, आणि लाकडी बाकांवर अख्खं गाव गुलाबी घालून बसलेलं, सत्तरीचे आजोबासुद्धा, ज्यांच्या हॅटवरची धूळ माझ्यापेक्षा जुनी असेल. तिथला पैसा रिसर्चला जात नाही! तो जातो गावातल्या हॉस्पिटलच्या मॅमोग्राफी मशीनला (स्तनांचा एक्स-रे काढतात ते) आणि उपचार चालू असलेल्या बायकांच्या खर्चाला. रेडिएशन म्हणजे एकदा जाऊन आलं असं नसतं हो, आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे, आणि गावात सोय नसेल तर रोजचं पेट्रोल कोण देणार, रजा कोण देणार. मग ह्याला घोटाळा म्हणायचं का? त्यांनी रिसर्च म्हटलंच नव्हतं. फॉरवर्डवाल्यानं आधी त्यांच्या तोंडी रिसर्च घातलं आणि मग ते केलं नाही म्हणून शिव्या दिल्या.

शंका घ्याच, पण मग तपासा ना. अमेरिकेतल्या बहुतेक नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना फॉर्म 990 भरावा लागतो, तो कोणालाही बघता येतो, किती आले, किती वाटले, वरच्या माणसांचा पगार किती. दहा मिनिटांचं काम आहे, फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात एवढाच फरक.

चिल्लरचा मुद्दा मला खरं म्हणजे सगळ्यात आवडला, कारण तो ऐकायला एकदम व्यवहारी वाटतो. सरकारकडे पैसा आहे, औषध कंपन्यांकडे पैसा आहे, मग चार घोडेवाले जमवून काय उजेड पाडणार. पण गंमत अशी की मोठा पैसा भित्रा असतो. सरकारी मोठी ग्रँट मागायला गेलं की आधी विचारतात तुमच्याकडे सुरुवातीचे निष्कर्ष काय आहेत, आणि ते काढायलाच तर पैसे हवे असतात. ही जी पहिली फट आहे ना ती बऱ्याचदा देणगीच्या पैशानं भरते. हर्सेप्टिन ह्या ब्रेस्ट कॅन्सरवरच्या औषधाची गोष्ट घ्या. लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये डेनिस स्लेमन नावाचे डॉक्टर, एचईआर2 ह्या जनुकाच्या मागे लागलेले, ज्या कंपनीकडे औषध होतं तिचाच उत्साह मावळलेला. तेव्हा लिली टार्टिकॉफ नावाची बाई, जिच्या नवऱ्यावर स्लेमननी उपचार केले होते, ती रेव्हलॉनच्या मालकाच्या मागे लागली आणि रेव्हलॉनकडून पैसे मिळाले. लिपस्टिकचा पैसा, हो. औषध 1998 मध्ये मंजूर झालं आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या दर पाच-सहा पेशंटमागे जी एक एचईआर2वाली असते तिचं आयुष्य बदललं. हा पैसा घोडेवाल्यांचा नव्हता, मान्य, पण देणगीचाच होता.

दुसरं उदाहरण लंडनचं. ब्रेकथ्रू ब्रेस्ट कॅन्सर ही तिथली तेव्हाची संस्था, लोकांच्या वर्गणीवर चालणारी, तिनं 1999 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये एक सेंटर उभं केलं. 2005 मध्ये तिथल्या ॲलन ॲशवर्थ यांच्या टीमनं दाखवलं की बीआरसीए हे डीएनएची दुरुस्ती करणारं जनुक बिघडलेल्या पेशींमध्ये पार्प नावाचं, दुरुस्तीचंच दुसरं एन्झाइम अडवलं की त्या मरतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका टीमलाही तेच सापडलं. कसं, तर साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा बंद पडला की गाड्या घाटातून काढतात, पण घाटही बंद केला तर? ठप्प. बीआरसीए म्हणजे आधीच बंद पडलेला बोगदा, औषध घाट बंद करतं. त्यातली ओलापरिब ही गोळी अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी 2018 मध्ये मंजूर झाली. गावोगाव लोकांनी चालून, धावून, केक विकून जमवलेली चिल्लर होती ती.

"बायका तेवढ्याच मरतायत" हे सरळ चूक आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण 1989 ते 2022 मध्ये 44 टक्क्यांनी खाली आलं, म्हणजे पाच लाखांहून जास्त मृत्यू टळले. 2024 मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात 1975 पासूनच्या घटीतला साधारण पाव वाटा तपासणीचा आणि उरलेला उपचारांचा निघाला, आणि उपचार काही झाडाला लागत नाहीत. शरीरात पसरलेला कॅन्सर अजून पूर्ण बरा होत नाही हे खरं, आणि काळ्या बायकांचं मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा 38 टक्के जास्त आहे ही लाजेची गोष्ट. पण ते आणखी रिसर्च हवा आणि तो सगळ्यांपर्यंत पोचवा असं सांगणारं आहे, बंद करा असं नाही.

आता "आपल्याकडे नव्हताच". काका, 2022 चे आकडे: भारतात सुमारे 1 लाख 92 हजार नव्या केसेस, 98 हजार मृत्यू. अमेरिकेत केसेस आपल्याहून कितीतरी जास्त, तरी मृत्यू वर्षाला 42-43 हजार. म्हणजे रोग त्यांच्याकडे जास्त सापडतो आणि बायका आपल्याकडे जास्त मरतात. कारण आपल्याकडे गाठ दाखवायला उशीर होतो, आणि ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखलं असतं तर मावशी आठ दिवसांत डॉक्टरकडे गेली असती.

आणि रिसर्च म्हणाल तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं 1998 मध्ये सुरू केलेला प्रयोग वाचा. दीड लाखांवर बायका, मुंबईच्या वस्त्यांमधल्या, त्यातल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं, मशीन नाही काही नाही. वीस वर्षांनी हिशेब मांडला तर सगळ्या वयांत मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. ह्या प्रयोगाला पैसा कोणाचा, तर अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा. "पाश्चात्त्यांची थेरं" मुंबईच्या वस्त्यांमध्ये कशी येऊन पोचतात बघा. 2023 मध्ये टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमनं आणखी एक दाखवलं, ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती साधं भुलीचं इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेल्या. लिडोकेन, दातवाले देतात ते.

जाता जाता, गुलाबी शर्ट बाप्यांनी कशाला घालावा असंही कोणीतरी खाली लिहिलं होतं. दर शंभरातला एक पेशंट पुरुष असतो, म्हणून.

राहिला जनावरांचा मुद्दा, आणि इथे मी काकांच्या जरा जवळ आहे. वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला आपटतात ते मला बघवत नाही, मी त्या वेळी लिंबूसरबत आणायला उठले होते. ब्रिटननं 1934 मध्ये कायदा करून असला रोडिओ जवळजवळ बंदच केला. घोड्यावरून नुसतं रपेट मारून पैसे जमवणारेही खूप आहेत, खोगीर, रिकीब आणि डोंगरातली पायवाट, त्यात कोणाला आपटत नाहीत. तेव्हा वासरांवर चर्चा करायची असेल तर जरूर करू, बैलगाडा शर्यतीलाही त्यात घेऊ, 2023 मध्ये कोर्टानं परवानगी कायम ठेवली तेव्हा ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी कोणी टाकले होते तेही मला आठवतंय. पण त्याआधी काका, तो "एक डॉलरही"वाला मेसेज डिलीट करा.