सीव्ही थेट घरातल्या दिव्याला जोडायचा नसतो, का ते सांगतो

मॉड्युलर सिंथवाल्यांमध्ये (सुटी मॉड्यूल्स तारांनी जोडून सिंथेसायझर वाजवणारे) एक दावा सारखा फिरतोय. थोडक्यात असा: सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज, एका मॉड्यूलने दुसऱ्याला चालवायचा सिग्नल) म्हणजे शेवटी व्होल्टेजच, दिवाही व्होल्टेजवरच चालतो, मग पाच व्होल्टचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) नाहीतर भिंतीवरचा साधा डिमर घ्या, सीव्ही आउट त्याला जोडा आणि फिल्टरबरोबर (आवाजाचा पोत बदलणारं मॉड्यूल) खोलीतला लाइट पण नाचवा. कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच लिहायला बसलो, कारण ज्या पद्धतीने ती सांगितली जातेय त्यात कुणीतरी खरंच 230 व्होल्टला पॅच कॉर्ड (मॉड्यूल्स जोडायची वायर) लावून बसेल.

आधी ते "व्होल्टेज म्हणजे व्होल्टेज" बघू. सीव्ही हा फक्त निरोप असतो, त्यात ताकद नसते. युरोरॅकच्या (मॉड्युलर सिंथचा एक प्रचलित प्रकार) बऱ्याच आउटपुटला आत 1 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये असतो, पॅच करताना चुकून शॉर्ट झालं तरी मॉड्यूल जळू नये म्हणून. म्हणजे 5 व्होल्टचं आउटपुट पूर्ण शॉर्ट केलं तरी करंट 5 मिलिअँपच. आणि छोट्या 5 व्होल्ट रिलेची कॉइल साधारण 70 ओहमची, तिला 70 मिलिअँपच्या आसपास लागतात. गणित केलं तर कॉइलवर उरतात जेमतेम 0.33 व्होल्ट. मी हे करून बघितलंय, नुसती कॉइल, दिवा वगैरे काही न जोडता. रिले टिक पण वाजला नाही, उलट त्याच एलएफओवरून (हळू वर-खाली होणारा सीव्ही देणारं मॉड्यूल) पॅसिव्ह मल्टने (एक सिग्नल नुसत्या तारांनी वाटणारा जोड) जो सिग्नल फिल्टरला जात होता तोही बसला, स्वीप एकदम गायब, आणि रिलेची वायर उपटली की लगेच परत सुरू.

"मग ट्रान्झिस्टरवालं रिले मॉड्यूल घ्या" असं पुढचं उत्तर येतं. हो, त्याने रिले ओढला जाईल. पण अशी बरीच मॉड्यूल्स उलटी चालतात, इनपुट खाली गेलं की ऑन, आणि एलएफओ तर उणे 5 व्होल्टपर्यंत खाली जातो, ते व्होल्टेज त्या इनपुटसाठी बनलेलंच नसतं. शिवाय रिले म्हणजे चालू नाहीतर बंद, मंद-तेज असं काही नाही. अशा छोट्या रिलेचं लोडसकट आयुष्य साधारण 1 लाख वेळा चालू-बंद इतकं धरतात, 5 हर्ट्झच्या एलएफओवर ते साडेपाच तासांत संपतं. आणि कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटून बसतात, मग दिवा बंदच होत नाही.

आता खरा धोक्याचा मुद्दा, "डिमरचा नॉब काढा आणि तिथे सीव्ही द्या". डिमरमधला तो पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) सिंथच्या पॉटसारखा नसतो हो! तो थेट मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, बसलेला असतो, ट्रायॅकच्या (ती वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटचं सर्किट लाइनलाच बांधलेलं असतं, आणि 230 व्होल्टचा पीक 325 पर्यंत जातो. तिथे जॅक जोडलात तर जॅकची स्लीव्ह, म्हणजे सिंथचा ग्राउंड, लाइनशी जोडला गेला. तो ग्राउंड मेटल पॅनलला आहे, प्रत्येक पॅच कॉर्डला आहे, मिक्सरला आहे, यूएसबीतून लॅपटॉपला आहे, आणि हेडफोन घातले असतील तर तुमच्या कानापर्यंत आहे. 3.5 एमएमचा प्लग आपण ओढताना धातूलाच बोटं लावतो, रोज पन्नास वेळा लावतो. सिंथ आणि मेन्सच्या मध्ये फक्त प्रकाश पाहिजे, म्हणजे ऑप्टोकपलर. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला ट्रायॅक चालवणारा भाग, मध्ये तांब्याची वायर नाही. आणि डिमिंग हवं असेल तर झिरो क्रॉसिंगवाला (व्होल्टेज शून्यातून जातानाच ऑन होणारा) ऑप्टो चालत नाही, तो सायकलच्या मधे ऑन होतच नाही.

"0 ते 10 व्होल्टचे एलईडी ड्रायव्हर मिळतात, सीव्हीची रेंज पण तीच" हा दावा निदान अर्धा बरोबर आहे. पण त्यातल्या 1–10 व्होल्टच्या पद्धतीत करंट ड्रायव्हरच देतो, कंट्रोलने तो फक्त खाली ओढायचा असतो, आणि काही ड्रायव्हरमध्ये ती कंट्रोलची जोडी मेन्सपासून हात लावण्याइतकी सुरक्षित वेगळी केलेली नसते. तिथे डेटाशीट वाचल्याशिवाय काहीही जोडू नका.

"ऑडिओ रेट मॉड्युलेशन (ऐकू येणाऱ्या सुराच्या वेगाने सीव्ही हलवणं) पण दिव्यावर दिसेल" हे तर शक्यच नाही. 50 हर्ट्झवर ट्रायॅक सेकंदाला 100 वेळाच ठरवू शकतो कधी ऑन व्हायचं, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी एकदा. 50 हर्ट्झच्या वरचं काही दिलंत तर दिव्यात भलताच संथ हेलकावा दिसू शकतो, जो तुमच्या पॅचमध्ये नाहीच.

मी काय करतो ते सांगतो. 12 व्होल्टची एलईडी स्ट्रिप, तिचा तयार सीलबंद अडॅप्टर, एक लॉजिक लेव्हल मॉसफेट (आर्डुइनोच्या पिनवरून थेट चालणारा ट्रान्झिस्टर) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड). सीव्हीला आधी ऑफसेट (वर सरकवायला) आणि अटेन्युएटर (कमी करायला) लावून 0 ते 5 मध्ये आणायचं, मग रेझिस्टर आणि क्लॅम्प डायोडमधून अॅनालॉग पिनवर, तिथून पीडब्ल्यूएम (खूप वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं). आलेला आकडा सरळ नेऊ नका, साधारण 2.2 चा पॉवर कर्व्ह लावा, नाहीतर डोळ्याला पहिल्या थोड्याशा व्होल्टेजमध्येच सगळा उजेड आल्यासारखा वाटतो आणि एन्व्हलपचं (सुराच्या चढ-उताराचा सीव्ही) शेपूट दिसतच नाही. कर्व्ह लावल्यावर लांब डिकेचा, म्हणजे हळू विरणारा, एक सूर सोडा, आवाज विरतो तसा भिंतीवरचा उजेड पण विरत जातो, ते बघून मी अर्धा तास नुसती तीच एक की दाबत बसलो होतो.

खोलीचे मोठे दिवेच हवे असतील तर तोच आर्डुइनो डीएमएक्स (स्टेजच्या दिव्यांचा कंट्रोल सिग्नल) पाठवू शकतो आणि पुढे तयार डिमर पॅक, मेन्सचं काम त्याच्या डब्यात राहतं. फक्त त्या डिमरवर चालणारे बल्ब हवेत. आणि कुणी सोबत बसलं असेल तर एलएफओ सेकंदाला 3 झगमगाटांच्या खाली ठेवा, साधारण 3 ते 30 हर्ट्झच्या लुकलुकीने काही जणांना फिट येऊ शकते, आणि ज्याला येते त्याला ते आधी माहीत असेलच असं नाही.