प्रसिद्धी करा, पण कुणाला कळू देऊ नका

आमच्या लॉजचं, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेचं, सोशल मीडिया माझ्या गळ्यात मारणाऱ्या थोर माणसाला कोपरापासून नमस्कार. वय चाळिशीच्या आत आणि फोनवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करता येतं, एवढ्याच पात्रतेवर ही नेमणूक झाली. हुकूम काय, तर "तरुण मुलं येत नाहीत, इन्स्टावर काहीतरी कर." करतो की! पण हॉलच्या आतला फोटो नको. विधीला घालतो तो एप्रन नको. चेहरे नकोत, कारण एका ब्रदरच्या, म्हणजे सभासदाच्या, सासरी अजून सांगितलेलं नाही. हात तर कुठल्याही अवस्थेत दिसता कामा नयेत, न जाणो कुणाला त्यात गुप्त खूण दिसायची. मग टाकू काय, जिन्याचा कठडा?

बरं, सांगण्यासारखं काही नाही असंही नाही. 1717 साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र आल्या तिथपासूनची ही फ्रीमेसनांची परंपरा. भारताची स्वतःची ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची वरची संस्था, 1961 पासून आहे. ईश्वर मानणारा कुठल्याही धर्माचा पुरुष चालतो, आत धर्म आणि राजकारणावर वाद घालायला सक्त बंदी. गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता एकाच टेबलावर शेजारी शेजारी. निवडणूक आली की सोसायटीच्या ग्रुपवर माणसं एकमेकांना ब्लॉक करतात, अशा काळात त्या टेबलाचा एक फोटो पुरेसा होता. पण नाही. "वरून परवानगी काढावी लागेल." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.

मुंबईच्या पारशी माणकजी करसेटजींची गोष्ट लिहिली. इंग्रजांच्या लॉजने मुंबईत त्यांना दार लावून घेतलं, आणि 1843 मध्ये जेम्स बर्न्स या मेसनने भारतीयांना घेता यावं म्हणून इथेच 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली. झकास मजकूर होता, माझा मीच सांगतो. तो गेला सेक्रेटरीकडे, तिथून मास्टरकडे (लॉजचा प्रमुख), तिथून पास्ट मास्टर, म्हणजे माजी प्रमुख मंडळींकडे. त्यांतल्या एकांना 'दार लावून घेतलं' हे जरा कडक वाटलं. फिरून आला तेव्हा निम्मा उडाला होता आणि उरलेल्या जागेत मागच्या दोन मास्टरांची नावं घुसली होती. या वेगाने प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा होळीला पडतात.

आणि विचारलं की उत्तर एकच, गुप्तता ही आपली परंपरा आहे. कसली डोंबलाची परंपरा! 1730 सालीच लंडनमध्ये एकाने आमचे विधी छापून बाजारात विकले. दुसऱ्या महायुद्धाआधी इंग्लंडात मेसन लोक एप्रन घालून भर रस्त्यात मिरवणुका काढायचे, इमारतींच्या कोनशिला बसवायचे, वर्तमानपत्रांत नावं छापून यायची. पणजोबांनी जे ढोल वाजवून केलं, ते पणतूंना स्टोरीवर चोवीस तास दाखवायला लाज वाटते.

तोवर इकडे मोकळं रान कुणाला मिळालंय? इल्युमिनाटीवाल्यांना. ती गुप्त संघटना 1776 मध्ये बव्हेरियात निघाली आणि दहा वर्षांच्या आत सरकारने मोडून काढली, पण रील्समध्ये ती आमच्याच तळघरात जग चालवते. (तळघरात मोडक्या खुर्च्या आहेत.) पॅरिसच्या लिओ ताक्सिलने मेसन सैतान पूजतात अशा कहाण्या वर्षानुवर्षं रचल्या, 1897 मध्ये भरसभेत उठून सगळी थाप होती म्हणून सांगितलं, तरी ती थाप मागे भीषण संगीत लावून अजून फिरतेय, लाखोंनी. आमच्या पेजवर काय येतं? "एसी रूम आहे का?", "कपल चालेल का?" आणि आमच्याच ब्रदर लोकांचे जोडलेले हात.

हेही सोसलं असतं. पण परवा एका पोराने मेसेजमध्ये पावती पाठवली. गाडी, बंगला, परदेशी नोकरी मिळेल म्हणून कुणा भामट्याने त्याच्याकडून रजिस्ट्रेशन फी उकळली होती, आणि पावतीवर आमचंच बोधचिन्ह, गुण्या-कंपास, छापलेलं. पोरगं विचारतंय, "सर, पैसे भरले, मीटिंग कधी?" त्याला सांगितलं, बाबा, असं ऑनलाइन पैसे घेऊन कुणी मेसन करत नाही. आधी ओळख, मग भेटीगाठी, मग लॉजमध्ये गुप्त मतदान, तिथे काळा गोळा, म्हणजे नकाराचं मत, पडला तर घरी. त्याने मला ब्लॉक केलं. त्याचंही बरोबर आहे. भामट्याच्या पेजवर सोनेरी डोळा, व्हिडिओ, चोवीस तास उत्तर देणारा माणूस, आणि आमच्याकडे जिन्याचा कठडा. खरा कोण, हे त्याने कशावरून ओळखायचं?

त्याच रात्री इशारा लिहिला, चार ओळींचा. आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, एवढंच. कमिटीचं उत्तर आलं: "आपल्या पेजवर 'फसवणूक' हा शब्द बरा दिसत नाही. त्याऐवजी नेत्रशिबिराचा चेक देतानाचा फोटो टाक." त्या फोटोत मात्र सगळ्यांचे चेहरे चालतात हं! सासरची अडचण नाही, कुणाची परवानगी नाही, काळ्या सुटात रांगेने उभे आणि चेकवर सहा जणांचे हात.

पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पुन्हा 'युवा सदस्यवाढ' आहे, चहानंतर. मी अकाउंटचा पासवर्ड कागदावर लिहून घेऊन जातोय. टेबलावर ठेवणार, ज्याला पाहिजे त्याने उचलावा. आणि तो इशारा मी माझ्या स्वतःच्या अकाउंटवरून टाकलाय, 'फसवणूक' शब्दासकट. काढा काय काळा गोळा काढायचा तो.