विहीणबाई, नर बदला

मागच्या रविवारी नातीचं बारसं झालं. पाळणा म्हणून संपतोय न संपतोय तोच आमचे व्याही भरल्या हॉलमध्ये, हातातला पेढा नाचवत म्हणाले, “सूनबाईला दिवस गेले, बाळ झालं, बारसंसुद्धा झालं. पण विहीणबाईंच्या उंदरांना काही अजून दिवस जाईनात!” लोक खो-खो हसले. आमच्या ह्यांनी तर टाळी दिली. टाळी!

खुलासा थोडक्यात करते. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा कॉलेजला गेला आणि त्याचा बॉल पायथन मागे ठेवून गेला. नाव नूडल. टिनली पार्क गावातल्या, सापा-सरड्यांच्या प्रदर्शनातून मोठ्या हौसेनं आणलेला. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला अजगर पाळल्यावर 20-30 वर्षं जगतो, म्हणजे मी रिटायर होईन, पण नूडलकडून माझी सुटका नाही. गोठवलेले उंदीर दुकानात पाकिटातून मिळतात. पण वितळवलेला उंदीर नूडलच्या नाकाला चालत नाही, त्याला ताजा लागतो. (शिळं न खाणारा आमच्या घरातला हा दुसरा. पहिल्यानंच परवा टाळी दिली.) म्हणून गॅरेजमध्ये फळीवर उंदरांचे टब. घरात का नाहीत, असं विचारणाऱ्यानं नर उंदराच्या मुताचा वास एकदा घ्यावा आणि मग विचारावं.

उन्हाळ्यात काही बघावं लागत नाही. एका नराबरोबर तीन माद्या सोडल्या की 19 ते 21 दिवसांत बाळंतपण, एकेकीला सहा-आठ-दहा पिल्लं, आणि बाळंत झाल्यावर चोवीस तासांच्या आत बाईसाहेब पुन्हा तयार. खरी परीक्षा डिसेंबरात. उंदराचा जीव एवढासा, अंगातली ऊब भराभर निघून जाते. त्याला खरं बरं वाटतं ते 85-86 फॅरनहाइटला, आणि आमचं गॅरेज जानेवारीत 45 वर. अशा वेळी खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जातं, पिल्लांसाठी काही उरत नाही. त्यात पिल्लं जन्मतात ती उघडी, गुलाबी, केस नाहीत. आई जरा बिथरली तर स्वतःच खाऊन टाकते. म्हणून मी टबाच्या अर्ध्या भागाखाली हीट मॅट लावली, थर्मोस्टॅटसकट. अर्ध्याच, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते. भुशावर टिश्यू पेपरचा ढीग टाकला. त्या दातांनी त्याच्या पट्ट्या काढतात आणि वरून बंद, घुमटासारखं घरटं करतात, आत बोट घातलं तर चक्क गरम लागतं. हिवाळ्यातल्या छोट्या दिवसावर उपाय म्हणून टायमरचा दिवा, चौदा तास उजेड. खुराकातलं प्रोटीन वाढवलं. एवढं कोडकौतुक या घरात माझं कधी झालेलं नाही. मला थंडी वाजते म्हटलं तर घराचा थर्मोस्टॅट 67 च्या वर जात नाही, “स्वेटर घाल” एवढंच उत्तर मिळतं.

आणि हे सगळं नीट चालू असताना तासगावहून व्याही आले.

व्याह्यांची पोल्ट्री होती. आता त्यांचा दुसरा मुलगा बघतो, पण त्यांच्या डोक्यातली पोल्ट्री अजून चालू आहे. माझ्या लेकीच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना काम नाही, बाहेर बर्फ, टीव्हीवर काही कळत नाही. मग जावई ऑफिसला जाता जाता त्यांना आमच्याकडे सोडायचा आणि ते थेट गॅरेजमध्ये. पहिल्या दिवशी पाठीमागे हात बांधून त्यांनी सगळे टब पाहिले.

“विहीणबाई, किती मरतुक?”

“नाही हो, मरत नाहीत. थंडीनं वीण थांबलीय फक्त.”

“उजेड किती देताय?”

“चौदा तास.”

“सोळा करा. सोळा तासांवर कोंबडी अंड्याला खळ घेत नाही.”

“हे उंदीर आहेत.”

“पिल्लू ते पिल्लू की ओ! आणि मी म्हणतो, अजगराला अंडं का देत नाही?”

“तो खात नाही.”

“चार दिवस उपाशी ठेवा, मग खातोय का नाही बघू.”

नूडल चार आठवडेसुद्धा आरामात उपाशी राहतो, हे मी सांगितलं नाही. व्याही आहेत. त्यांच्यापुढे आपला आवाज एका ठरावीक पट्टीच्या वर जात नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वर त्यांची संकष्टी. त्या दिवशी नूडलला उंदीर द्यायला मी चिमटा घेऊन निघाले तर व्याही दारात आडवे. “आज चतुर्थी. आज देवाच्या वाहनाला हात लावायचा नाही.” मग साबुदाण्याची खिचडी खाऊन, चंद्र बघून, रात्री साडेनऊला, “आता चालंल.”

इथवरही ठीक होतं. पण एक दिवस मी ऑफिसात असताना त्यांनी एका टबातला नर उचलून दुसऱ्यात टाकला आणि दुसऱ्यातला पहिल्यात. “रक्त बदललं,” म्हणाले. माद्यांची जोडी जमून तीन-चार दिवस झाले होते फक्त. आता ह्यात गोम अशी की उंदराच्या मादीसमोर एवढ्या लवकर अनोळखी नर आला, तर नुसत्या त्याच्या वासानं अनेकदा गर्भ रुजत नाही. 1959 साली हिल्डा ब्रूस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी हे दाखवलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे, ब्रूस परिणाम. पण हे व्याह्यांना समजावणार कसं? मी सुरुवात केली, “म्हणजे असं, परक्या नराच्या वासानं ना…” तेवढ्यात माझ्या विहीणबाई, म्हणजे व्याह्यांच्या सौ., चहा घेऊन आल्या. माझे कान गरम. व्याही मात्र खूश. “म्हणजे पतिव्रता आहेत म्हणा की!”

पतिव्रता कसल्या. चार दिवसांत नव्या नराबरोबर संसार सुरू. पण माझी एक अख्खी वीण बुडाली ती बुडालीच, आणि तोच हिशेब परवा बारशात चारचौघांत माझ्या नावावर मांडला गेला.

विनोद बाजूला ठेवून एक विचारते. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी टब धुतलाय? अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा कोण असतं तिथे? मुलगा फोन करतो, पहिला प्रश्न नूडलचा. “खाल्लं का त्यानं?” तू खाल्लंस का, आई, हे विचारायला अजून काय करावं लागतं ते मला कळलेलं नाही.

आता कालची गोष्ट. माद्या व्यायल्या. सगळ्या. घरट्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं वळवळतायत, पातळ कातडीतून पोटातलं पांढरं दूधसुद्धा दिसतंय. हीट मॅट, टिश्यू, चौदा तासांचा दिवा, सगळं फळाला आलं. मी फोटो टाकला फॅमिली ग्रुपवर. पहिला मेसेज तासगावकरांचा. “सांगितलं होतं, नर बदला.” त्याखाली अकरा अंगठे. एक ह्यांचा.

आणि नूडलनं खाणं सोडलंय. बॉल पायथन हिवाळ्यात असे महिना-दोन महिने उपास धरतात, त्यात काळजीचं काही नसतं. मुलानं कळवलंय, “नॉर्मल आहे, चिल.” म्हणजे पिल्लं वाढणार, तीन आठवड्यांत आईपासून सुटी होणार आणि त्यांना खाणारा वसंतापर्यंत वेटोळं घालून पडणार. टब आणखी लागणार. धुणार कोण, ते वर आलंच आहे.

व्याही मार्चअखेरपर्यंत आहेत. गॅरेजच्या दाराचा कोड मी आज सकाळी बदललाय. ह्यांना सांगितलेला नाही. ते फितूर आहेत.