खिरापत नव्हे, दादा

सांगलीचे आमचे मावसभाऊ बँकेतून निवृत्त झालेत. वाचन दांडगं, मतं त्याहून पक्की. घरच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं की छतावरच्या सोलरला सरकार ७८,००० रुपये देतं ती निव्वळ खिरापत आहे, प्रामाणिक करदात्याच्या जिवावर फुकट्यांची चंगळ. वर जोड दिली, ‘अमेरिकेत बघा, लोक आपल्या पैशाने बसवतात.’

ही जोड मला झोंबली. मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्या छतावर सोलर आहे.

आठ किलोवॅटला साधारण २५,००० डॉलर लागले. एप्रिलमध्ये टॅक्स भरताना ५६९५ नंबरचा फॉर्म जोडला आणि ३० टक्के, म्हणजे साडेसात हजार डॉलर, करातून वजा झाले. रुपयांत हिशोब केला तर सहा लाखांच्या वर जातो, दादा. शिवाय राज्याने सेल्स टॅक्स घेतला नाही आणि सोलरमुळे घराची किंमत वाढली तरी त्यावर प्रॉपर्टी टॅक्स लावला नाही. हजार युनिट तयार झाले की एक एसआरईसी, म्हणजे सौरविजेचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळतं, त्याचे पैसे पंधरा वर्षं येत राहणार. इथे मला कुणी फुकट्या म्हटलेलं नाही. सरकारने थेट हातात दिलं तर खिरापत आणि करातून सोडलं तर कर-नियोजन, हा भेद मला मान्य नाही. तिजोरीला खड्डा सारखाच पडतो.

करातली ही ३० टक्क्यांची सवलत २००५ च्या कायद्याने आली. सुरुवातीला घरगुती सोलरला २,००० डॉलरची मर्यादा होती, २००८ च्या कायद्याने ती काढून टाकली. त्यानंतर जितकी मोठी सिस्टिम तितकी मोठी सवलत. पण त्यासाठी घर स्वतःचं हवं आणि वजा करण्याइतका कर भरायला हवा. इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात दिवसभर उभा राहून रात्री भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नव्हतं.

आता आपल्याकडची पीएम सूर्यघर योजना बघा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथे थांबा. दहा किलोवॅट लावणाऱ्या बंगलेवाल्यालाही ७८,००० आणि तीन किलोवॅटच्या शिक्षकालाही ७८,०००. प्राप्तिकर भरत नसलात तरी पैसे खात्यात येतात. सोसायटीच्या लिफ्टला आणि पंपालाही किलोवॅटमागे १८,००० आहेत. ज्यांनी हे आखलं त्यांनी डोकं लावून आखलंय, आणि हे मी तिथे राहत नसलो तरी अभिमानाने सांगतो.

दादांनी खरी दुखरी जागा धरली असती तर मी गप्प बसलो असतो. तीन किलोवॅटला दोन लाखांच्या आसपास खर्च येतो. ज्याचं महिन्याचं बिलच तीन-चारशे रुपये आहे, तो बिनतारण कर्ज मिळालं तरी कशाला काढेल? आणि चांगली बिलं भरणारी घरं सोलरकडे वळली की तारा-खांबांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. याच वादातून कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना जादा विजेचा मिळणारा मोबदला खूप कमी केला. यावर भांडा, मीही भांडेन. आणि इथल्या सरकारच्या शब्दाचंही फार कौतुक नको. २०२२ मध्ये ३० टक्के २०३२ पर्यंत देऊ म्हणाले, आणि २०२५ च्या जुलैत कायदा करून त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला घरगुती सवलत बंद केली.

पण मला एवढं लागलं त्याला कऱ्हाडचं घर कारण आहे. तिथलं बिल दर महिन्याला मी इथून भरतो. मीटर अजून नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर आहे, आणि नाना जाऊन आता काही वर्षं झाली. सोलरचा अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, सबसिडी ज्याच्या नावावर जोडणी त्याच्या खात्यात जाते. त्या अर्जात मी कुठेच बसत नाही. तिथला ग्राहक नाही, रहिवासी नाही, पासपोर्ट बदलल्यापासून मतदारही नाही. दादा ‘करदात्याचा पैसा’ म्हणतात तेव्हा मला ऐकू येतं की यात तुझा काय संबंध. संबंध आहे. त्या गच्चीचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी पाट्या उचलल्यात.

आईची हरकत निराळीच आहे. पॅनल आल्यावर कुरडया वाळत कुठे घालायच्या? सांगाडा उंच घेतला तर खाली ताठ उभं राहून वावरता येतं आणि कडेला ऊनही राहतं. त्याचा जादा खर्च मी देईन. दादा, तुम्हाला एकच विनंती. नानांचा मृत्यूचा दाखला आणि घराचा उतारा कपाटात वरच्या कप्प्यात आहे. आईला घेऊन महावितरणच्या कचेरीत जा आणि मीटर तिच्या नावावर करून द्या. पुढचा अर्ज मी इथून भरतो. ते ७८,००० आईच्या खात्यात येतील आणि ते तिच्या हक्काचे असतील.