तीनशे मीटरवरचं हिमअस्वल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि त्यातली चीडही खरी आहे. म्हणून दोन ओळींत आटोपण्याऐवजी इथे नीट उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक द्वीपसमूहाच्या, म्हणजे स्वालबार्डच्या सफरीवरच्या लेखात मी लेन्सपेक्षा महिना आणि जहाज यांवरच जास्त लिहिलं. हिमअस्वल दिसण्याची शक्यता किती, हे सरळ सांगितलं नाही. आणि २०२५पासून अस्वलापासून तीनशे मीटर लांब राहण्याचा नियम लागू झाल्यावर ‘पिवळट ठिपक्याचा फोटो काढायला एवढा खर्च कोण करेल?’ या प्रश्नाला बगल दिली. त्यापेक्षा अलास्कात मोठ्या जहाजाच्या बाल्कनीत बसून माणूस जास्त पाहील, असं तुमचं मत. शिवाय तुमचं जूनच्या मध्याचं बुकिंग झालेलं आहे आणि ते रद्द करावं की काय, असं तुम्हाला वाटू लागलंय.

आधी त्या ठिपक्याचा हिशेब करू. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ५०० मिमीची लेन्स लावली, तर तीनशे मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण साडेएकवीस मीटर भरते. आडवं दिसणारं मोठं अस्वल सव्वादोन मीटरचं धरलं, तर ते फ्रेमचा दहावा भाग व्यापतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत अस्वलाच्या वाट्याला सहाशेच्या आसपास पिक्सेल येतात. तीच लेन्स क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली, तर अस्वल साधारण सहावा भाग भरतं. म्हणजे भिंतीवर लावायचं नुसतं चेहऱ्याचं चित्र मिळणार नाही, हे तुमचं बरोबर. पण चालीची ढब, मान खाली घालून बर्फाचा वास घेणं, मागून येणारी दोन पिल्लं, हे सगळं स्वच्छ ओळखू येतं. ठिपका तो नव्हे.

लेन्सवर मी कमी लिहिलं त्यालाही कारण आहे. तीनशे मीटरवर चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा हवेमुळे. थंड पाणी, त्याहून थंड बर्फ आणि उन्हानं तापलेला किनाऱ्याचा खडक यांच्यामधली हवा सतत हलत असते. हजार मिमीची लेन्स लावा, ती ही थरथर तितकीच मोठी करून दाखवते. जहाजाचा गरम भाग, धुराडं, उघड्या दारातून बाहेर येणारी केबिनची ऊब, यांच्यावरून नेम धरला तर फोटो हमखास अस्पष्ट येतो. ढगाळ दिवस, गार झालेला डेक आणि खालचा मजला या तीन गोष्टी जमल्या, तर ४०० मिमीचा फोटोही उजवा ठरतो. खालच्या डेकवरून प्राणी नजरेच्या पातळीला येतो आणि त्याच्या मागे बर्फ आणि डोंगर येतात. वरच्या डेकवरून घेतलेल्या फोटोत त्याची फक्त पाठ आणि पाणी. आणि कोपर कठड्यावर टेकवू नका, इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते.

आता नियमाबद्दल. स्वालबार्डमध्ये हिमअस्वलाच्या शिकारीला १९७३पासून बंदी आहे. त्याचा पाठलाग करू नये, त्याला आमिष दाखवू नये, त्रास देऊ नये, हेही आधीपासून होतं. १ जानेवारी २०२५पासून अंतर आकड्यांत आलं: एरवी ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. या चार महिन्यांना वेगळं काढण्यामागे कारण आहे. वसंतात माद्या पिल्लांना घेऊन बिळाबाहेर पडलेल्या असतात आणि फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीतल्या, किनाऱ्याला घट्ट धरून असलेल्या बर्फावर रिंग्ड सील पिल्लं घालतात. अस्वलाची वर्षभराची चरबी बरीचशी याच काळात जमते. सील श्वास घ्यायला वर येतात त्या बर्फातल्या छिद्रापाशी ते न हलता, कितीतरी वेळ वाट पाहत राहतं. तेवढ्यात एखादी बोट पुढे सरकली आणि त्यानं मान वळवली, की त्या दिवसाचं जेवण हुकलं. मान वर करून, नाक उंचावून कॅमेऱ्याकडे पाहणारं अस्वल आपल्याला फार आवडतं. पण तो फोटो विचलित झालेल्या प्राण्याचा आहे, हे मला पाहताना टोचतं. पाचशे मीटरवरून दिसणारं, आपल्याकडे ढुंकूनही न पाहणारं अस्वल मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं. हे मी अगदी मनापासून सांगतो आहे.

जुलै २०१८मध्ये स्वालबार्डच्या उत्तरेकडच्या शूआयाने बेटांवर एका क्रूझ जहाजाचा पहारेकरी उतरला, अस्वलानं त्याच्यावर हल्ला केला आणि ते अस्वल गोळी घालून मारावं लागलं. त्याचा फोटो जगभर फिरला. माणसाच्या सोयीसाठी अंतर कमी झालं, की शेवटी मरतं ते अस्वल.

आता महिना. माझ्या लेखाचा सगळा जोर इथे होता, आणि तुमचा आक्षेपही याच भागावर आहे. जूनमध्ये बर्फ जास्त असतो, म्हणून अस्वल पाहायला जून उत्तम, असं तुम्ही म्हणता. बर्फ जास्त असतो हे खरं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं अस्वल सुंदर दिसतं हेही खरं. पण त्याच जूनमध्ये अंतर ५०० मीटरचं असतं; १ जुलैपासून ते ३०० होतं. बर्फामुळे हिनलोपेन सामुद्रधुनी आणि पूर्वेकडचा किनारा अनेकदा बंद असतो, त्यामुळे जहाज पश्चिम आणि वायव्य भागातच फिरतं. जुलैच्या उत्तरार्धात वाटा मोकळ्या होतात. अस्वल तेव्हा किनाऱ्याच्या खडकावर, गवतात दिसतं, पक्ष्यांची अंडी शोधताना किंवा किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर ताव मारताना. ते चित्र कमी ‘ध्रुवीय’ वाटेल, पण आजचं स्वालबार्ड त्यात जास्त आहे.

आणि जुलैत फक्त अस्वल नसतं. हिनलोपेनमधला आल्केफ्येलेटचा कडा आठवा. काळ्या डोलेराइट खडकाचे खांबच्या खांब सरळ समुद्रात उतरलेले, आणि त्यांच्या प्रत्येक खाचेत ब्रुनिख गिलेमॉट पक्षी, जवळपास ६०,००० जोड्या. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात इथे जे घडतं त्यासाठी मी कुणालाही महिना बदलायला सांगेन. जेमतेम तीन आठवड्यांचं पिल्लू, अजून नीट उडता येत नाही असं, कड्याच्या टोकावर येतं. खाली पाण्यातून बाप ओरडत असतो. पिल्लू किती तरी वेळ पुढे-मागे करतं आणि मग झेप घेतं. छोटे पंख ताठ पसरून, तिरकं घसरत ते पाण्यावर आदळतं. ज्यांचा अंदाज चुकतो ती उतारावर पडतात, आणि तिथे कोल्हे टपलेले असतात. पाण्यात पोहोचलेल्या पिल्लाला बाप सोबत घेऊन समुद्रात निघतो आणि पुढे कित्येक आठवडे तोच त्याला सांभाळतो. रबरी झोडियाक बोटीतून हे पाहताना ५०० मिमी लागतच नाही. १०० ते ४०० मिमीची झूम, शटर १/२००० किंवा त्याहून जलद, आणि डोळा कड्यावरच्या एकाच टप्प्यावर. सगळा कडा टिपायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

जवळून फोटो काढण्याची तुमची हौस स्वालबार्डमध्ये इतर प्राणी पुरवतात. फुलमार हे समुद्रपक्षी जहाजाच्या मागे तासन्‌तास तरंगत येतात, डेकच्या पातळीला, कधी हातभर अंतरावर. उडत्या पक्ष्याच्या फोटोचा सराव करायचा तर यांच्याइतका धीराचा शिक्षक नाही. आखूड पायांची स्वालबार्ड रेनडिअर पक्षीकड्याखालच्या विष्ठेनं हिरव्यागार झालेल्या उतारावर चरतात, आणि आपण शांत बसलो तर चरत चरत त्या स्वतःच जवळ येतात. हिमनदीच्या तोंडाशी जिथे वितळलेलं गढूळ पाणी खालून वर उसळतं, तिथे सूक्ष्म जीव पृष्ठभागाशी येतात आणि किटीवेक पक्ष्यांचे थवेच्या थवे त्या तपकिरी पट्ट्यावर तुटून पडतात. मागे निळी हिमभिंत. ७० ते २०० मिमी पुरे.

अलास्काबद्दल. अलास्का मला मनापासून आवडतं आणि तिथे मोठ्या जहाजातून जाणाऱ्याला मी नावं ठेवलेली नाहीत. हवाईत हिवाळा काढलेले हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात आग्नेय अलास्कात खायला येतात. ते डेकवरून छान दिसतात. पण अंतराच्या नियमापासून सुटका तिथेही नाही. हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, लांब राहावं लागतं. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. त्यातल्या जॉन्स हॉपकिन्स इनलेटमध्ये बर्फावर सील पिल्लं घालतात, म्हणून १ मे ते ३१ ऑगस्ट क्रूझ जहाजांना तो बंद असतो. सामन खाणारी अस्वलं पाहायची तर रँगेलजवळच्या अनान क्रीकसारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये जावं लागतं, आणि तिथे मोठं जहाज जात नाही, छोट्या बोटीनं किंवा विमानानंच पोहोचता येतं. बाल्कनीची अडचण तर वेगळीच: ती उंच असते आणि एकाच बाजूला असते. देवमासा दुसऱ्या बाजूला वर आला, की बाल्कनीवाला पळत डेकवर येईपर्यंत शेपूट पाण्याखाली गेलेली असते.

जहाजाचा आकार मी महत्त्वाचा मानतो तोही याच कारणानं. २०२५च्या नियमांनुसार स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २००हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही, आणि तिथे किनाऱ्यावर उतरण्यासाठी ४३ ठिकाणंच मोकळी आहेत. तिथली जवळपास दोन-तृतीयांश जमीन संरक्षित आहे, म्हणजे मोठ्या जहाजातला प्रवासी बहुतेक द्वीपसमूह दुरूनच पाहतो. दोनशेच्या आतल्या जहाजांतही फरक असतो. सगळे प्रवासी एकाच वेळी झोडियाकमध्ये मावतात की दोन-तीन पाळ्या करतात, हे विचारून घ्या. पाळी आली आणि कोल्हा तासाभरापूर्वी निघून गेलेला असला, तर महाग लेन्स काही कामाची नाही.

अस्वल दिसण्याची टक्केवारी मी दिली नाही, आणि आत्ताही देणार नाही. स्वालबार्डमध्ये कायम राहणारी अस्वलं तीनशेच्या आसपास मानली जातात, आणि जमीन एकसष्ट हजार चौरस किलोमीटरची. बॅरेंट्स समुद्रातली बाकीची अस्वलं बर्फाच्या कडेबरोबर उत्तरेला सरकतात, आणि ती कड दर वर्षी वेगळ्या जागी असते. आठ-दहा दिवसांची सफर असेल, कप्तान बर्फ पाहून मार्ग बदलणारा असेल आणि जहाज हाकण्याच्या कक्षात (ब्रिजवर) दुर्बीण लावून कुणीतरी सतत उभं असेल, तर आशा धरायला चांगली जागा आहे. कोणी ठाम आकडा सांगून तिकीट विकत असेल, तर ते घेऊ नका.

आता तुमचं बुकिंग. रद्द करू नका. जूनच्या मध्यात ५०० मिमीची लेन्स पाचशे मीटरवर छत्तीस मीटर रुंदीची फ्रेम देते. अस्वल त्यात अगदी लहान येईल. त्याला लहानच ठेवा आणि फ्रेममध्ये बर्फाच्या भेगा, हिमनदीची भिंत, मागचे पांढरे डोंगर घ्या. एक्सपोजर एक स्टॉपनं वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी येईल. लेन्सचा पल्ला वाढवणारा १.४चा एक्स्टेंडर असला तर सोबत असू द्या, पण ऊन कडक असताना तो काढून ठेवा. गिलेमॉट तेव्हा अंड्यांवर बसलेले असतात आणि छोटे लिटल ऑक पक्षी दगडांच्या उतारावर हजारोंनी उठतात-बसतात, ते फोटो तुम्हाला माझ्या जुलैवाल्यांपेक्षा चांगले मिळतील.

प्रकाशाचंही गणित वेगळं आहे. ७८ अंश उत्तरेला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी ३५ अंशांवर आणि मध्यरात्री ११ अंशांवर असतो. म्हणून झोप दुपारी काढा. रात्री अकरा ते तीन डेकवर राहा, हातमोजे दोन जोड घाला, आणि आत येताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच आणा, बाहेरच्या थंडीतून थेट उबदार केबिनमध्ये नेला तर काचेवर दव धरतं. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयिअरब्येन शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसा क्षेत्राबाहेर आहे आणि बहुतेक विमानं ऑस्लो किंवा ट्रॉम्सोमार्गे जातात, त्यामुळे व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या, नाहीतर परतीला अडकाल.

कंपनीला आजच एक ईमेल करा आणि विचारा: रात्री दोन वाजता अस्वल दिसलं तर केबिनमध्ये घोषणा होते का? केबिनमधला स्पीकर बंद करता येत असेल, तर तुम्ही तो चालूच ठेवा.