गाईडातल्या चार ओळी
एमए सायकॉलॉजीच्या पोरांचा बुक क्लब घेते म्हणलं की पहिला प्रश्न, मॅडम सर्टिफिकेट देता का? नाय देत. दिलं की पोरं सर्टिफिकेटला येतात. दुसरी फर्माईश मोटिवेशनल पुस्तकाची, तीबी नाय. औरंगपुऱ्यात फुटपाथवर ढिगानं मिळतंय ते, त्याला क्लब कशाला पायजे.

मला वाचायचंय ते गाईडात चार ओळीत गुंडाळलेल्या प्रयोगामागचं. आता अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ रोझेनहान घ्या. १९७३ चा पेपर, आठ धडधाकट माणसं, त्यात तो स्वतःबी, मेंटल हॉस्पिटलात गेली, त्रास म्हणून आवाज ऐकू येतात एवढंच खोटं सांगितलं, ॲडमिट झाली, आत नॉर्मल वागली तरी सरासरी १९ दिवस आतच. डॉक्टरला वेडा-शहाणा कळत नाय, विषय संपला. पोरं झोपेत सांगतील हे.

मग आम्ही सुझाना कॅहलनचं याच प्रयोगावरचं 'द ग्रेट प्रिटेंडर' घेतलं, २०१९ चं. या बाईच्या मेंदूला सूज होती आणि डॉक्टरांना आधी मानसिक आजार वाटला होता, म्हणजे ती रोझेनहानच्या बाजूचीच असणार की नाय? तिनंच त्याची कागदं धुंडाळली तर दवाखान्याच्या नोंदीत त्यानं आवाजाशिवाय बरंच काय काय सांगितलेलं, अगदी जीव द्यायचे विचार येतात इथपर्यंत. एकाला हॉस्पिटलात बरं वाटलं तर त्याचा अनुभवच गाळला, आणि बाकीची बरीचशी माणसं तिला सापडलीच नाहीत.

पुस्तक इंग्रजीत, जालना-बीडकडची पोरं दबकतात. म्हणून एकानं पानभर मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मराठीत भांडायचं. भांडण बी असं झालं की बास! एक पोरगा म्हणला, फ्रॉडच ए हा, सिलॅबसमधून काढा. तर अंबडकडची एक पोरगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणली, "आठ माणसं खोटी असतील रे, पण स्टाफ पेशंटकडं बघत बी नाय असं त्यानं लिहिलंय ना, ते माझ्या मावशीच्या वॉर्डात मी बघितलंय." दोघंबी बरोबर आहेत असं माझं मत, आणि हे गाईडात कुठं बसवणार?

शेवटी एकानं विचारलंच, "मॅडम, पेपरात काय लिहायचं मग?" म्हणलं दोन्ही लिही. आधी प्रयोग, मग त्याच्यावरचे आक्षेप, तपासणाऱ्याला बी जरा वाचू दे.

शनिवारी उरलेली प्रकरणं घेतोय. पैठणची शेवटची गाडी पकडणाऱ्यांनी लवकर या.